तांबड्या मातीवरचा माग

"न्यायो," म्झे हलकेच म्हणाले आणि उकिडवे बसले.

सकाळचे साडेसहा वाजले होते. पूर्व आफ्रिकेतल्या केनिया देशात, त्सावोच्या रानात, गलाना नदीच्या काठाने आम्ही चौघेजण एकामागे एक चाललो होतो. पायांखालची माती थेट आपल्या कोकणातल्या वाटेची आठवण व्हावी इतकी तांबडी. त्या मातीवर, दिवाळीत उंबऱ्याशी लक्ष्मीची पावले काढतात ना, तितक्या नेटकेपणाने एकापुढे एक ठसे उमटले होते. म्झे यांनी आपला उजवा हात पसरून एका ठशाशेजारी ठेवला. ठसा त्यांच्या तळहाताहून चांगलाच रुंद होता.

"न्यायो म्हणजे पावलं," आमच्या मेहुण्याने माझ्या कानाशी लागून सांगितले.

हा शब्द स्वाहिली भाषेतला. १९७८ साली केनियाचे अध्यक्ष झालेले डॅनियल अराप मोई यांनी तर 'न्यायो' हीच आपली घोषणा केली होती. आधीच्या थोरांच्या पावलावर पाऊल टाकून चालायचे, असा तिचा अर्थ. माझ्या मराठी कानाला मात्र तो शब्द 'न्याय' असाच ऐकू आला. या दोन शब्दांचे एकमेकांशी काडीचेही नाते नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मातीने माझा असा काही न्याय केला, की ते दोन शब्द माझ्या मनात कायमचे एकमेकांना चिकटून बसले. ती हकीकत पुढे येईलच.

'म्झे' हेही कुणाचे नाव नव्हे. वडीलधाऱ्या माणसाला आपण 'बाबा' म्हणतो, तसे तिकडे 'म्झे' म्हणतात. आमचे म्झे साठी ओलांडलेले, सडपातळ, अतिशय कमी बोलणारे गृहस्थ होते. मोटारीच्या जुन्या टायरच्या कापून केलेल्या चपला त्यांच्या पायांत होत्या. सिंहाचा माग काढणे हे त्यांचे काम.

मुळात पायी सिंह शोधण्याची ही दुर्बुद्धी मला सुचली कशी, ते आधी सांगतो.

त्याआधी आठच दिवस आम्ही मसाई मारात होतो. माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ नैरोबीत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता त्याने मोठ्या हौसेने आम्हाला तिकडे नेले होते. 'सफारी' हा शब्द आपल्या 'सफर'चाच सख्खा भाऊ. दोघेही अरबीतून आलेले. पण तिथल्या सफारीत सफर थोडी आणि वाट पाहणे फार. एका झुडपाच्या सावलीत तीन सिंह निजले आहेत, ही वार्ता बिनतारी यंत्रावरून एका चालकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि अर्ध्या तासात त्या झुडपाभोवती एकोणीस गाड्यांचे रिंगण पडले. मी त्या मोजल्या, कारण मोजण्यासारखे दुसरे काही घडतच नव्हते. सिंह दिवसातले अठरा-वीस तास विश्रांतीत घालवतो. त्यांतल्या एकाने डोळा किलकिला करून आमच्याकडे पाहिले आणि लग्नाच्या मांडवात झोपमोड झालेल्या आजोबांप्रमाणे कूस बदलून तो पुन्हा निजला. सर्वांनी छायाचित्रे काढली. मीही काढली.

परतताना मी गप्प गप्प होतो. मेहुण्याने कारण विचारले. मी म्हणालो, "अरे, सिंह पाहिला खरा, पण तो सापडला असं काही वाटत नाही. आयतं ताट वाढून पुढे आल्यासारखं झालं."

तो हसला. "दाजी, सिंह सापडायला हवा असेल तर गाडीतून उतरावं लागेल. आहे तयारी?"

गाडीत पत्नी शेजारीच बसली होती. तिच्यासमोर 'नाही' कसे म्हणणार? ती स्वतः मात्र "मला आयतं ताटच बरं," असे सांगून नैरोबीत राहिली. तिच्या शहाणपणाची मला पुढे वारंवार आठवण झाली.

त्सावोला जायला आम्ही नैरोबीहून आगगाडीने निघालो. २०१७ साली सुरू झालेला हा नवा लोहमार्ग त्सावोच्या रानातून उंच भरावावरून जातो आणि हत्तींना व इतर जनावरांना खालून पलीकडे जाता यावे म्हणून त्याला जागोजागी मोऱ्या व पूल ठेवले आहेत. खिडकीतून मी पहिला त्सावोचा हत्ती पाहिला तो चक्क तांबडा! तिथले हत्ती तांबड्या मातीत लोळतात, ती अंगावर उडवून घेतात आणि मातीचाच रंग धारण करतात. त्सावो पूर्व आणि त्सावो पश्चिम अशी या रानाची दोन राष्ट्रीय उद्याने आहेत. १९४८ साली ते राखीव झाले. दोन्हींचे क्षेत्रफळ मिळून वीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. आपला सगळा पुणे जिल्हा त्यात ठेवला तरी वर जागा उरेल.

या रानात जाणाऱ्या भारतीय माणसाला एक जागा टाळता येत नाही. व्होई गावी उतरून दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने त्सावो नदीवरच्या रेल्वेपुलाकडे गेलो. १८९६ साली इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे घालण्यास आरंभ केला. १९०१ साली ती सरोवराला पोहोचली. त्या कामासाठी हिंदुस्थानातून, विशेषतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,५०० तिकडेच मेले. बहुतेकांना रोगांनी आणि अपघातांनी नेले, काहींना सिंहांनी.

१८९८ सालच्या मार्चमध्ये जॉन हेन्री पॅटर्सन नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी त्सावोचा पूल बांधण्यासाठी येथे आला, आणि थोड्याच दिवसांत रात्रीच्या वेळी तंबूंतून माणसे नाहीशी होऊ लागली. आयाळ नसलेले दोन नर सिंह काटेरी कुंपणे ओलांडून आत शिरत आणि झोपलेल्या माणसाला ओढून नेत. हे नऊ महिने चालले. शेवटी घाबरलेल्या मजुरांपैकी शेकडो जण रुळांवर आडवे पडले, जाणारी गाडी त्यांनी थांबवली आणि तीत चढून ते पळून गेले. पुलाचे काम तीन आठवडे बंद पडले. ९ डिसेंबरला पॅटर्सनने पहिला सिंह मारला आणि २९ डिसेंबरला दुसरा. पहिल्याच्या वेळी तर तो एका डळमळत्या मचाणावर बसला असता, सिंह आमिषाकडे न जाता दोन तास त्याच्याच भोवती घिरट्या घालत होता. त्या दोन्ही सिंहांची कातडी पंचवीस वर्षे पॅटर्सनच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ साली शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने ती विकत घेतली. आज ते सिंह पेंढा भरून तेथे उभे आहेत.

हे सारे पॅटर्सनच्या १९०७ सालच्या पुस्तकामुळे जगाला माहीत आहे. परंतु पुलाखालच्या रेतीत उभा असताना मला आठवत होता तो उंगन सिंग नावाचा शीख जमादार. पहिल्या बळींपैकी तो एक. सकाळी पॅटर्सनने जाऊन पाहिले तेव्हा रेतीत सिंहाच्या पंजांचे स्पष्ट ठसे होते, आणि त्यांच्यासोबत दोन चर गेलेले होते. उंगन सिंगच्या फरफटत गेलेल्या टाचांनी ते पाडले होते.

त्या सिंहांनी किती माणसे खाल्ली? पुस्तकात अठ्ठावीस हिंदी मजुरांचा आकडा आहे. शिवाय पुष्कळ आफ्रिकी माणसे मेली, पण त्यांची सरकारी नोंदच ठेवली गेली नाही, असेही त्यात म्हटले आहे. पुढे पॅटर्सनने १३५ हा आकडा सांगितला. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्या सिंहांचे केस आणि हाडे तपासली आणि सुमारे पस्तीस माणसे त्यांच्या पोटात गेली असावीत असा अंदाज दिला. आकड्यांचा हा घोळ काही मिटत नाही. ज्याच्या हाती लेखणी त्याचे नाव राहते, बाकीचे आकड्यात जातात आणि काही तर आकड्यातही येत नाहीत. पुलावरून परतताना एवढा एक विचार मनाला टोचत राहिला आणि मग मी तो विसरूनही गेलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गलानाच्या काठी पोहोचलो. अथी आणि त्सावो या दोन नद्यांचा संगम झाला की पुढे त्या प्रवाहाला गलाना म्हणतात. पलीकडे यट्टाचे पठार भिंतीसारखे आडवे पसरलेले. जवळजवळ तीनशे किलोमीटर लांबीचा तो लाव्हाचा एकच एक ओघ आहे. येथे परवानगी काढून, बंदूकधारी रक्षकाच्या सोबतीने पायी हिंडता येते. निघण्यापूर्वी रक्षकाने नियम सांगितले: ओळीने चालायचे, बोलायचे नाही, पांढरे कपडे घालायचे नाहीत, आणि काहीही झाले तरी पळायचे नाही. शेवटचा नियम त्याने तीनदा सांगितला.

म्झे हे वाटा जमातीचे. ही जमात पिढ्यानपिढ्या त्सावोच्या रानात शिकार करून राहिली. माणसाच्या उंचीचे धनुष्य आणि एका झाडाच्या रसात बुडवलेला विषारी बाण एवढ्यावर हे लोक हत्ती पाडीत. मग १९४८ साली रान राखीव झाले आणि काल जो शिकारी होता तो आज चोर ठरला. १९५०च्या दशकात हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीविरुद्ध मोठी मोहीम निघाली आणि या जमातीची कितीतरी माणसे तुरुंगात गेली. म्झे यांचे वडील त्यांतलेच एक. माग काढण्याची विद्या त्यांनी मुलाला दिली. धनुष्य मात्र दिले नाही. केनियात १९७७ सालापासून शिकारीला पूर्ण बंदी आहे. ज्या विद्येवर बापाने जनावर मारले, त्याच विद्येवर मुलगा त्याची राखण करतो.

आपल्याकडेही ही विद्या होती. गावात चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढीत पुढल्या गावाच्या शिवेपर्यंत जायचे आणि तेथे तो त्या गावाच्या हवाली करायचा, अशी जुनी रीत होती. म्झे यांना मी ती मेहुण्याकरवी सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "सिंहाला शीव ठाऊक नसते. माग जाईल तिथवर जायचं."

आणि मग त्यांनी मला मातीचे पुस्तक वाचायला शिकवले.

सिंहाच्या ठशात नखे दिसत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. तरसाची दिसतात. बोटांमागच्या गादीची मागची कड सिंहाच्या ठशात तीन पाळ्यांची असते. पुढचा पंजा मागच्याहून मोठा. नराचा ठसा रुंद, मादीचा त्या मानाने निमुळता. हे झाले 'कोण'. 'केव्हा' हे ओळखणे अधिक कठीण. ठशाची कड अजून धारदार आहे की वाऱ्याने ढासळली आहे? त्यावरून रात्री फिरणाऱ्या किड्याची नक्षी गेली आहे काय? गेली असेल, तर सिंह त्या किड्याच्या आधी गेला. नक्षी ठशाखाली दबली असेल, तर किडा आधी आणि सिंह नंतर. "हा चंद्र मावळल्यावर गेला," म्झे एका ठशाकडे बघून म्हणाले, आणि कडेला पडलेल्या हत्तीच्या लिदीचा गोळा फोडून, आतला ओलावा पाहून पुढे म्हणाले, "हत्ती त्याच्या नंतर."

त्यांच्या कमरेला राखेने भरलेली एक लहान पुरचुंडी होती. दर पाच-दहा मिनिटांनी ते ती झटकीत. राख ज्या दिशेला उडे, त्यावरून ते आमची वाट बदलीत. आमचा वास सिंहाच्या नाकी जाता कामा नये. माग कठीण जमिनीवर हरवला की ते मागे येत, शेवटच्या ठशाशी आम्हाला उभे करीत आणि एकटेच अर्धवर्तुळ घेत पुढची खूण शोधीत. मोडलेली काडी, उलटलेला खडा, काट्यावर अडकलेला एखादा केस. दोन तासांत आम्ही जेमतेम तीन किलोमीटर गेलो असू. माझे डोळे दुखू लागले, पण एवढे लक्ष देऊन आयुष्यात मी दुसरे काही वाचले असेल असे वाटत नाही.

नदीकाठचे डूम ताड मागे पडले आणि काटेरी झुडपे दाटू लागली. त्सावोच्या पुष्कळ नरांना आयाळ नसते, किंवा असली तर विरळ असते. तिथली उष्णता हे त्याचे एक कारण असावे असे शास्त्रज्ञ मानतात. आणि असली झुडपे असताना आयाळ हवी कशाला, असे आपल्यालाही वाटते. एका उंच फांदीवरून एक करडा पक्षी ओरडला. त्याचे ओरडणे इंग्रजीतल्या 'चालते व्हा' या शब्दांसारखे ऐकू येते म्हणून इंग्रजीत त्याचे नावच 'चालते व्हा' पक्षी असे पडले आहे. म्झे थांबले. पुन्हा उकिडवे बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावून बोट दाखवले.

सिंहिणीच्या ठशांशेजारी मांजराच्या पावलांएवढे चार-पाच चिमुकले ठसे होते.

"वातोतो," ते म्हणाले. पिल्ले.

त्यांनी रक्षकाकडे पाहिले आणि हाताने मागे फिरण्याची खूण केली. लहान पिल्लांची आई जवळ असताना पायी पुढे जायचे नसते. येथवर आलो, पुष्कळ झाले.

आता या लेखातला माझ्या लाजेचा भाग येतो. मी हट्ट धरला. दोन तास माग काढून सिंह न पाहता परत जायचे? मेहुण्याला मी कुजबुजत म्हणालो, "अरे, थोडं पुढे. लांबून बघू. विचार तरी त्यांना." त्याने विचारले. म्झे यांनी मान हलवली. मी पुन्हा विचारायला लावले. बिचारा मेहुणा संकोचला, पण दाजींचा शब्द कसा मोडणार? शेवटी रक्षक आणि म्झे यांचे काहीतरी बोलणे झाले आणि समोरच्या कोरड्या ओढ्याच्या काठापर्यंत, तेवढेच, असे ठरले. ठसे ओढा उतरून पलीकडे गेलेले दिसत होते. सिंह पलीकडे असतील; अलीकडच्या काठावरून पाहू आणि फिरू.

ओढ्याच्या काठी आलो आणि सिंह दिसला! पलीकडच्या काठावर, साठ-सत्तर पावलांवर, दगडासारखा निश्चल बसलेला प्रचंड नर. आयाळ नाही, मानेवर केवळ गडद केसांची एक रेघ. तो आमच्याकडेच पाहत होता. मारातल्या सिंहाची नजर आमच्यावरून पाण्यासारखी वाहून गेली होती. ही नजर येऊन टेकली. गाडीतला माणूस सिंहाच्या लेखी गाडीचाच भाग असतो; पायावर उभा असलेला माणूस म्हणजे माणूस. मी सिंह शोधायला आलो होतो, आणि सिंहाने मला केव्हाच शोधून ठेवले होते.

त्याच क्षणी डावीकडून आवाज आला. आवाज कसला, जमिनीच्या पोटातून आल्यासारखी ती गुरगुर आधी माझ्या छातीला कळली आणि मग कानांना. सिंहीण पलीकडे नव्हतीच. ती पिल्लांना घेऊन ओढा पुन्हा ओलांडून अलीकडे आली होती. पंचवीस पावलांवरच्या झुडपातून ती निघाली. डोके खाली, कान मागे, शेपूट चाबकासारखे उडते आहे.

"सिमामा!" म्झे यांचा आवाज. उभे राहा!

पुढचे मला नीट आठवत नाही. ती दोन-तीन झेपा पुढे आली, धूळ उडाली, ती थांबली. रक्षकाने बंदूक खांद्याला लावलेली होती. कोणीतरी माझे मनगट घट्ट धरले होते. मग किती वेळ गेला कोण जाणे; आम्ही तिच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे सरकत होतो आणि ती लहान लहान होत गेली. बंदूक झाडावी लागली नाही. तीनशे पावले मागे आल्यावर माझ्या लक्षात आले, की मी श्वास घेऊ शकतो.

त्या रात्री तळावर शेकोटीपाशी मी भलताच रंगात आलो. भीती ओसरली की माणसाला वाचा फुटते. शेजारच्या तंबूत दोन प्रवासी उतरले होते, त्यांना मी सारी हकीकत सांगितली. सिंहीण कशी आली, मी कसा खांबासारखा उभा राहिलो, तिच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला. सांगता सांगता पंचवीस पावलांची पंधरा झाली. मेहुणा गालातल्या गालात हसत होता. म्झे शेकोटीच्या पलीकडे बसून चहा पीत होते. चहाला तिकडेही 'चाय'च म्हणतात. त्यांना माझी भाषा कळत नव्हती, पण माझे हातवारे कळत असावेत. मध्यरात्री नदीपलीकडून सिंहाची गर्जना आली. ती आठ किलोमीटरांपर्यंत ऐकू जाते म्हणतात. आमच्या तंबूला तर ती शेजारच्या खोलीतून आल्यासारखी वाटली. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतले. खांब आडवा झाला!

सकाळी म्झे यांनी आधी नदीकाठचा माग पाहिला. सिंहिणीने रातोरात पिल्ले हलवली होती. ठसे पाण्याशी जाऊन पलीकडे निघाले होते. ओढ्याकडचे रान मोकळे झाल्याची खात्री पटल्यावर ते म्हणाले, "चला, कालचं वाचू."

आम्ही त्याच जागी आलो. रात्री वारा पडलेला होता. माती जशीच्या तशी होती. झुडपाखाली सिंहीण बसली होती ती दबलेली जागा त्यांनी दाखवली. ती पुढे आली तिथे ठशांत नखे उमटली होती. झेप घेताना पकड घेण्यासाठी ती बाहेर येतात. मी तिची शेवटची खूण आणि आमची जागा यांमधले अंतर पावलांनी मोजले. अकरा. म्हणजे शेकोटीपाशी मी अंतर कमी करून सांगितले, तरीही ते जास्तच होते.

मग आमची पावले. माझ्या बुटांचा नक्षीदार ठसा मला लगेच ओळखता आला. एका जागी उजव्या बुटाची टाच खोल रुतली होती आणि चवडा गरकन फिरून उलट दिशेला वळलेला होता. डावा बूट त्याच्या मागोमाग. कोणी काही बोलले नाही. बोलण्याची गरज नव्हती. इतके वाचायला मी आदल्या दिवशी शिकलो होतो. मी उभा राहिलो नव्हतो. मी पळायला वळलो होतो.

आणि माझ्या त्या वळलेल्या ठशांच्या पुढे, माझ्या व सिंहिणीच्या मधोमध, टायरच्या चपलांचे दोन ठसे होते. शेजारी शेजारी, सरळ, एकसारखे दाबलेले. ते एका मोठ्या ढांगेने तिथे आले होते आणि तिथून हलले नव्हते. मनगट कोणी धरले होते ते मला तेव्हा कळले. एका हाताने मागे मला धरून म्झे तिच्यासमोर उभे राहिले होते.

रात्री मी सांगितलेल्या हकीकतीत सिंह होता, सिंहीण होती, बंदूक होती आणि मी होतो. म्झे नव्हतेच.

पुलाखालची रेती आणि तीत गेलेले टाचांचे दोन चर माझ्या डोळ्यांपुढे आले. ज्यांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत त्या माणसांबद्दल दोनच दिवसांपूर्वी मी हळहळलो होतो. आणि हाती गोष्ट येताच मी तेच केले होते. मातीने तसे केले नव्हते. जो जिथे होता, त्याला तिने तिथेच ठेवले होते.

"म्झे, चूक माझी झाली," मी म्हणालो. "तुम्ही मागे फिरा म्हणालात, मी ऐकलं नाही." मेहुण्याने ते स्वाहिलीत सांगितले. म्झे थोडा वेळ मातीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तिला पिल्लं होती. तुला घाई होती. रागवायचं कुणावर?" थोडे थांबून त्यांनी आणखी एक वाक्य जोडले, आणि ते मात्र मेहुण्याने जरा सांभाळून माझ्यापर्यंत पोहोचवले: "काल तिला गोळी लागली असती, तर पिल्लं मेली असती. तेवढं लक्षात ठेव."

आज साऱ्या आफ्रिकेत रानातले सिंह वीस-पंचवीस हजारांच्या आसपास उरले आहेत. केनियात अडीच हजारांच्या आसपास. गुरे मारली म्हणून गुराखी त्यांना विष घालतात, शेते आणि रस्ते त्यांची राने तोडतात. त्या हिशेबात एक सिंहीण आणि तिची चार पिल्ले ही काही लहान रक्कम नव्हे; आणि ती एका प्रवाशाच्या हट्टापायी खर्ची पडणार होती. अंबोसेलीच्या बाजूला २००७ सालापासून मसाई तरुण सिंहांचे रक्षक म्हणून काम करतात. पूर्वी भाल्याने सिंह मारणे हा ज्यांचा पराक्रम होता, ते आता रोज सकाळी माग काढतात आणि आज सिंह कुठे आहेत, गुरे तिकडे नेऊ नका, असे गुराख्यांना सांगतात. सिंह वाचतो आणि गायही वाचते. आमचे म्झे त्याच जातकुळीचे. माग काढायचा तो गाठण्यासाठीच असे नाही. कुठे थांबायचे ते कळण्यासाठीही काढायचा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी हाताच्या खुणेने सांगितले होते.

ऊन चढू लागले तसा वारा सुटला. माझ्या बुटाच्या ठशाची कड डोळ्यांदेखत ढासळू लागली. दुपारपर्यंत तो जाणार, हे आता मलाही कळत होते. सिंहिणीची नखे, म्झे यांच्या चपला, माझी टाच, सारेच जाणार. म्हणून ती हकीकत जशी घडली तशी येथे लिहून ठेवली आहे.

म्झे यांनी राखेची पुरचुंडी झटकली, वारा पाहिला आणि तळाच्या दिशेने चालू लागले. मी त्यांच्या मागे झालो. या खेपेला कोणी सांगण्याआधीच गप्प होतो, आणि तांबड्या मातीत उमटत जाणाऱ्या त्या टायरच्या चपलांच्या ठशांवर मोजून एकेक पाऊल ठेवीत होतो.